शके, महिना, तिथी आणि वार : जुनी तिथी इंग्रजी तारखेत कशी आणावी

देवघरातल्या वहीत, जुन्या पत्रिकेवर किंवा एखाद्या मोडी कागदावर ‘शके १६८२ पौष शु. ८ बुधवार’ अशी नोंद समोर आली की बहुतेक जण शकात ७८ मिळवतात आणि १७६० हे साल लिहून मोकळे होतात. ही नोंद पानिपतच्या लढाईच्या दिवसाची आहे आणि ती लढाई १७६१ साली झाली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते, म्हणून इथली चूक लगेच लक्षात येते. पणजोबांच्या जन्मतिथीबाबत मात्र असे कोणी टोकणारे नसते. तिथे चुकलेले साल तसेच पुढच्या पिढीच्या कागदांवर जाते. म्हणूनच तिथीवरून तारीख काढताना कोणत्या क्रमाने जावे आणि प्रत्येक टप्प्यावर काय तपासावे, हे इथे सविस्तर मांडले आहे. यात गणित बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही. लक्ष मात्र पुरेपूर द्यावे लागते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपल्या पंचांगात आणि इंग्रजी दिनदर्शिकेत साल वेगळे, महिना वेगळा, दिवसाचा आकडा वेगळा, इतकेच नव्हे तर दिवस कधी सुरू होतो हेही वेगळे. दोन्हींत सारखा असतो तो फक्त वार. त्यामुळे नोंदीत वार दिलेला असेल तर तो सोन्यासारखा जपावा आणि रूपांतर पुरे झाल्यावर शेवटचा ताळा त्याच्याशीच घ्यावा.

नोंद नीट वाचणे

‘शु.’ किंवा ‘शुद्ध’ म्हणजे अमावास्येनंतरचा, चंद्र वाढत जाणारा पंधरवडा, ‘व.’ किंवा ‘वद्य’ म्हणजे पौर्णिमेनंतरचा. वद्याला ‘कृष्ण’ आणि जुन्या लिखाणात ‘बहुल’ असेही म्हटलेले आढळते. पौर्णिमेसाठी १५ आणि अमावास्येसाठी ३० हा आकडा लिहिण्याची पद्धत आहे, त्यामुळे ‘व. ३०’ दिसल्यास ती लेखनिकाची चूक समजू नये. संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव दिलेले असेल तर तेही टिपून घ्यावे, कारण शकाचा आकडा पुसट असल्यास तेच कामी येते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरते तितक्या क्रमांकाचे संवत्सर ‘प्रभव’पासून मोजत यावे. शके १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८ होतात, ६० ने भागल्यावर ४८ उरतात आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर ‘आनंद’ आहे. शिवराज्याभिषेकाच्या नोंदींत हेच नाव सापडते.

त्यानंतर विचारायचा प्रश्न असा की, नोंद करणारा माणूस कुठला? महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण या भागांत महिना अमावास्येला संपतो, त्याला अमान्त म्हणतात. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो, तो पूर्णिमान्त. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र उत्तरेकडचे नाव आपल्यापेक्षा एक महिना पुढचे असते. आपण महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला म्हणतो, उत्तरेत तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी असते. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यातली, तिकडे ती भाद्रपद कृष्णातली. दिवस तोच, चंद्र तोच, नाव तेवढे वेगळे.

आमच्या घरात या एका फरकामुळे अनेक वर्षे एक चूक होत राहिली. आजोबा गेले ते माघ वद्य पंचमीला, आणि आजीने ती तिथी आपल्या हाताने वहीत लिहून ठेवली होती. चुलते नोकरीसाठी इंदूरला गेले, तिथेच स्थायिक झाले आणि त्यांनी ती तिथी वहीतून जशीच्या तशी उतरवून नेली. तिकडच्या दिनदर्शिकेत ‘माघ कृष्ण पंचमी’ पाहून ते श्राद्ध करीत, आणि ती पंचमी आमच्या हिशेबाने पौष वद्य पंचमी असे. एकाच माणसाचे वर्षश्राद्ध दोन घरांत महिन्याच्या अंतराने होत होते आणि दोन्ही घरे मनोभावे ते करीत होती. उलगडा झाला तो एका लग्नात, सहज बोलता बोलता. इंदूर, ग्वाल्हेर, काशी अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या नोंदी वाचताना हा प्रश्न आधी सोडवावा. जिथे नक्की कळत नाही तिथे दोन्ही पर्याय मांडून ठेवावेत आणि निर्णय वारावर सोपवावा.

शकावरून इसवी सन

शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला सुरू होते आणि तो साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो. त्यामुळे गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथीसाठी शकात ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या तिथीसाठी ७९. चैत्र ते कार्तिक हे महिने निर्धास्तपणे ७८ चे आणि माघ-फाल्गुन ७९ चे. अडचण असते ती मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात आणि पौषात, कारण हा काळ कधी डिसेंबरात पडतो, कधी जानेवारीत. शिवाजी महाराजांचे निधन चैत्र पौर्णिमा, शके १६०२ या तिथीचे. ७८ मिळवून १६८० हे साल सरळ येते. त्यांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा. तिथे ७९ मिळवावे लागतात आणि १६३० मिळते. पानिपतची तिथी पौषातली असल्याने फक्त बेरजेवर भागत नाही. तो पौष कधी सुरू झाला हे पाहावे लागते, आणि त्याची रीत पुढे येईल.

व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत विक्रम संवत असतो. महाराष्ट्र आणि गुजरातेत तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. उत्तरेत तो चैत्रातच बदलतो. आपल्याकडच्या संवतातून पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करावेत आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सनही येतो. तो मृगाच्या सुमारास बदलतो, त्यात जून ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मे ६०० मिळवले की इसवी सन निघतो. त्या कागदांत दिवस मुसलमानी चांद्रमासाचे असतात, म्हणून तिथीची ही रीत त्यांना लावू नये.

आणखी एक गल्लत होते ती भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेमुळे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार ही दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून लागू झाली. तिच्यातही शकच आहे आणि महिन्यांची नावेही चैत्र, वैशाख हीच आहेत, पण ते महिने सौर असून त्यांचे इंग्रजी तारखांशी नाते पक्के ठरलेले आहे. २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला, चैत्राचा पहिला दिवस येतो. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे. १५ ऑगस्ट २०२५ हा दिवस राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे २४ श्रावण १९४७ होता आणि पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य सप्तमी. सरकारी राजपत्रावर ‘श्रावण २४’ असा सुटा आकडा दिसला की तो हा सौर महिना आहे हे ओळखावे. शुद्ध-वद्य लिहिलेले नसणे हीच त्याची खूण.

महिना ठरवण्याची घरगुती रीत

चांद्र महिन्याचे नाव सूर्याच्या संक्रांतीवरून ठरते. एका अमावास्येच्या समाप्तीपासून पुढच्या अमावास्येच्या समाप्तीपर्यंतच्या काळात सूर्य ज्या राशीत प्रवेश करतो, तिच्यावरून त्या महिन्याला नाव मिळते. सूर्य मेषेत जातो तो महिना चैत्र, वृषभेत जातो तो वैशाख, आणि असेच पुढे मीनेपर्यंत, म्हणजे फाल्गुनापर्यंत. सध्याच्या काळात या संक्रांतींच्या तारखा जवळजवळ ठरलेल्या आहेत, एखाद्या दिवसाचा फरक पडतो इतकेच : मेष १४ एप्रिल, वृषभ १५ मे, मिथुन १५ जून, कर्क १६ जुलै, सिंह १७ ऑगस्ट, कन्या १७ सप्टेंबर, तूळ १७ ऑक्टोबर, वृश्चिक १६ नोव्हेंबर, धनू १६ डिसेंबर, मकर १४ जानेवारी, कुंभ १३ फेब्रुवारी आणि मीन १४ मार्च. एवढे एका कागदावर लिहून ठेवले आणि अमावास्येच्या तारखा हाताशी असल्या की कोणत्याही इंग्रजी दिवसाचा मराठी महिना सांगता येतो.

प्रत्यक्ष करून पाहू. २६ जानेवारी २०२६ ची तिथी काढायची आहे. या तारखेच्या आधीची अमावास्या १८ जानेवारीची आणि नंतरची १७ फेब्रुवारीची. या दोहोंच्या मध्ये १३ फेब्रुवारीची कुंभ संक्रांत येते, म्हणून महिना माघ. १८ ला अमावास्या म्हणजे १९ ला शुद्ध प्रतिपदा. तिथून बोटांवर मोजत आलो की २६ ला आठवा दिवस, म्हणजे शुद्ध अष्टमी. ताळा घ्यायचा तर त्याच वर्षीची गणेश जयंती, माघ शुद्ध चतुर्थी, २२ जानेवारीला आणि रथसप्तमी २५ जानेवारीला होती, दोन्ही जुळतात. तारीख जानेवारीतली असल्याने सनातून ७९ वजा करायचे. उत्तर आले : शके १९४७, माघ शुद्ध अष्टमी, सोमवार. जाता जाता हेही पाहावे की १८ जानेवारीची ती अमावास्या आपल्याकडे पौषातली आहे आणि प्रयागला तीच माघातली मौनी अमावास्या म्हणून स्नानाची पर्वणी असते.

जुन्या काळासाठी ही रीत वापरताना संक्रांतीच्या तारखा मागे सरकवाव्या लागतात, कारण नक्षत्रांवर मोजलेले आपले सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठे आहे आणि संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३ आहे. त्याहून शंभर वर्षे मागे गेलो की संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पानिपतची लढाई ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली, असे जे वारंवार लिहिले जाते ते हिशेबात बसत नाही. १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत होऊन चार-पाच दिवस उलटले होते. आता मघाची नोंद पुरी करू. १४ जानेवारीला शुद्ध अष्टमी, म्हणजे प्रतिपदा ७ जानेवारीला. पुढच्या अमावास्येपर्यंतच्या काळात मकर संक्रांत येते, म्हणून महिना पौषच. तो पौष संपूर्ण जानेवारी-फेब्रुवारीत पडला होता, म्हणून ७८ नव्हे, ७९. आणि १४ जानेवारी १७६१ ला वार येतो बुधवार. नोंद चोख जुळली.

अधिक महिना

बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे, म्हणून आपला प्रत्येक सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये ती एकदम १४ सप्टेंबरला गेली. मधे अधिक ज्येष्ठ आला म्हणून ही उडी पडली. दोन अमावास्यांच्या मधे एकही संक्रांत येत नाही तेव्हा त्या महिन्याला स्वतःचे नाव मिळत नाही. तो पुढच्या महिन्याचे नाव घेऊन ‘अधिक’ होतो आणि त्यानंतरचा खरा महिना ‘निज’ म्हणवतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा. १५ मेची वृषभ संक्रांत महिना सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेली, आणि १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत अमावास्या संपते तेव्हा सूर्य अजून मिथुनेत शिरलेला नसतो. तो त्याच दिवशी नंतर शिरतो. काही तासांच्या या फरकावर अख्ख्या महिन्याचे नाव ठरते.

हाच हिशेब वेगळ्या अयनांशाने, म्हणजे राशीचक्राची सुरुवात वेगळ्या ठिकाणी धरून, केला की अधिक महिना वेगळा येऊ शकतो. कोकणात ज्या घरांत टिळक पंचांग पाळतात, त्यांचा गणपती एखाद्या वर्षी इतरांच्या आधी महिनाभर येतो तो याच कारणाने. म्हणून अशा घराण्याच्या नोंदीवर काम करताना घरात कोणते पंचांग होते, हे विचारून घ्यावे. एकाच महिन्यात दोन संक्रांती आल्या तर महिन्याचा क्षय होतो. असे फार विरळा घडते. १९६३-६४ आणि १९८२-८३ ही अलीकडची दोन वर्षे. त्या वर्षांतल्या थंडीच्या महिन्यांची तिथी काढायची असेल तर घरगुती रीतीवर विसंबू नये, त्या वर्षीचे पंचांगच मिळवावे.

नोंदीत ‘अधिक’ किंवा ‘निज’ लिहिलेले नसेल आणि त्या वर्षी त्याच नावाचा अधिक महिना असेल, तर दोन्ही तारखा काढून ठेवाव्यात. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस घ्या : शके १८६९, अधिक श्रावण वद्य चतुर्दशी, शुक्रवार. त्या वर्षीची राखी पौर्णिमा नंतर, ३१ ऑगस्टला आली. त्या दिवशी जन्मलेल्या माणसाच्या पत्रिकेवर नुसते ‘श्रावण वद्य १४’ असेल तर कोणीही निज श्रावणातली, म्हणजे सप्टेंबर महिन्यातली तारीख काढील. अशा व्यक्तीचा तिथीने वाढदिवस एरवीच्या वर्षी श्रावण वद्य चतुर्दशीलाच करतात, कारण अधिक श्रावण काही दर वर्षी येत नाही. अधिक महिन्यात गेलेल्या माणसाचे वर्षश्राद्धही पुढे त्या नावाच्या नेहमीच्या महिन्यात होते. पुन्हा तोच महिना अधिक आला तर ते त्या अधिकात करण्याचा रिवाज आहे.

इथे एक उपयोगी योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्र महिने जवळजवळ सारखे भरतात, म्हणून दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात, फार तर एका दिवसाचा फरक पडतो. गणेश चतुर्थी २००६ मध्येही २७ ऑगस्टलाच होती आणि गुढीपाडवा २००६ व २०२५ या दोन्ही वर्षी ३० मार्चला. एकोणीसच्या चौपट, म्हणजे ७६ वर्षांनी, हा मेळ अधिकच घट्ट बसतो : १५ ऑगस्ट २०२३ हाही अधिक श्रावण वद्य चतुर्दशीचाच दिवस होता. हाताशी जुने पंचांग नसेल तेव्हा एकोणीस, अडतीस, सत्तावन्न किंवा शहात्तर वर्षे पुढे येऊन आजच्या दिनदर्शिकेत तिथी पाहावी. अंदाज एका दिवसाच्या आत येतो आणि नेमका दिवस वारावरून ठरतो.

तिथी म्हणजे दिवस नव्हे

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला जितका वेळ लागतो तितकी एक तिथी. चंद्राचा वेग बदलता असल्यामुळे ती कधी १९-२० तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. ती पहाटे, भर दुपारी, मध्यरात्री, केव्हाही सुरू होते. दिवसाला नाव देताना सूर्योदयाला जी तिथी असेल ती घेतात. दोन सूर्योदयांना एकच तिथी लागली तर वृद्धी, आणि एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली तर क्षय. म्हणून प्रतिपदेपासून बोटांवर मोजून काढलेली तिथी एका दिवसाने चुकू शकते, हे गृहीत धरूनच चालावे.

व्रतांचा नियम निराळा आहे, आणि सर्वाधिक वाद इथेच होतात. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी लागते, म्हणून त्या दिवशी सूर्योदयाला पुष्कळदा तृतीया असते. गणेश चतुर्थी आणि रामनवमीला मध्यान्ह पाहतात, श्राद्धाला अपराह्ण, जन्माष्टमीला मध्यरात्र. २०२५ ची आश्विन अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी सुरू होऊन २१ ला संध्याकाळी संपली. उत्तरेत बहुतेकांनी लक्ष्मीपूजन २० ला केले, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी २१ दिले. जुन्या पत्रात ‘दिवाळीच्या दिवशी’ असा मोघम उल्लेख असेल तर त्यावरून तारीख ठामपणे सांगू नये, ती याच कारणाने.

जन्माची किंवा मृत्यूची तिथी काढताना सूर्योदयाची तिथी घेऊन चालत नाही; त्या घटकेला जी तिथी चालू होती ती घ्यायची. त्यासाठी वेळ लागते, आणि वेळ वाचतानाही सावध राहावे. काही पंचांगांत तिथी ‘२६ वाजून १० मिनिटांनी’ संपते असे दिलेले असते. त्याचा अर्थ मध्यरात्रीनंतर दोन वाजून दहा मिनिटे. मुंबईत १९५५ पर्यंत वेगळी स्थानिक वेळ चालत होती आणि ती आजच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असे. १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत, युद्धकाळात, देशाची घड्याळे एक तास पुढे होती. तिथी संपण्याच्या जवळपास जन्म झालेला असेल तर यातला कोणताही फरक तिथी बदलून टाकतो.

आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. पहाटे साडेतीनला जन्मलेल्या बाळाची इंग्रजी तारीख बदललेली असते, पण पंचांगाप्रमाणे आदल्या दिवसाचाच वार चालू असतो. जेधे शकावलीत, म्हणजे शिवकालातल्या घटनांच्या तिथीवार यादीत, राज्याभिषेकाची नोंद ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असता, अशी आहे. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटे. सूर्योदयाला सव्वा तास बाकी असल्याने लिहिणाऱ्याच्या लेखी अजून शुक्रवार होता. इंग्रजी हिशेबाने मध्यरात्रीनंतर शनिवार, ६ जून १६७४ सुरू झालेला होता. या तिथीला त्रयोदशीही म्हणतात आणि द्वादशीही, आणि दोहोंमागचे कारण हे असे सरळ आहे. एकाने दुसऱ्याला चूक ठरवण्याचे काहीच कारण नाही.

वाराचा ताळा आणि जुन्या-नव्या तारखांचा घोळ

रूपांतरात महिना चुकला असेल तर तारीख २९ किंवा ३० दिवसांनी सरकते, म्हणजे वार एक किंवा दोनने पुढे-मागे होतो. वर्ष चुकले तर ३५४-३५५ दिवसांचा फरक पडतो आणि वार चार-पाचने बदलतो. एका दिवसाची चूक तर लगेच उघडी पडते. त्यामुळे अमान्त-पूर्णिमान्त, अधिक-निज, ७८-७९ यांपैकी कुठेही पाय घसरला असला तरी वार बहुधा ते सांगून टाकतो. जिथे दोन पर्याय उरले असतील तिथे दोन्ही तारखांचे वार काढावेत. नोंदीशी जुळतो तो पर्याय घ्यावा.

मात्र मोबाइलवर किंवा संगणकावर जुन्या तारखेचा वार पाहताना एक गोष्ट विसरू नये. शिवकालातल्या ज्या तारखा आपण लिहितो त्या जुन्या, ज्युलियन गणनेतल्या आहेत. इंग्रजांनी नवी ग्रेगोरियन गणना सप्टेंबर १७५२ मध्ये स्वीकारली. त्या वेळी बुधवार, २ सप्टेंबरनंतरचा दिवस गुरुवार, १४ सप्टेंबर धरला गेला. तारखेचे अकरा आकडे गळले, पण वारांची साखळी तुटली नाही. संगणक बहुधा नव्या गणनेनेच मागे मोजत जातो. शिवजन्माची तारीख, १९ फेब्रुवारी १६३०, त्यात घातली की तो मंगळवार दाखवतो. मूळ नोंद शुक्रवारची आहे, आणि मग लोक नोंदीवरच शंका घेतात. करायचे ते इतकेच : १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या जुन्या तारखेत १० दिवस मिळवायचे आणि त्यानंतर १७५२ पर्यंत ११. १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे नव्या गणनेतला १ मार्च १६३०, आणि १ मार्चला शुक्रवार येतो.

गोव्यातल्या पोर्तुगिजांनी नवी गणना सोळाव्या शतकातच घेतली होती. म्हणून एकाच घटनेविषयी इंग्रजांच्या सुरत-मुंबईच्या वखारीतले पत्र आणि गोव्याहून गेलेले पत्र यांत दहा दिवसांचे अंतर दिसू शकते. दोन्ही बरोबर असतात. त्यातच इंग्रजांचे नवे वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्च या काळातल्या त्यांच्या पत्रांवर कित्येकदा आदल्या वर्षाचा आकडा असतो.

परदेशातल्या घरांसाठी

तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, पण सूर्योदय प्रत्येक गावाचा वेगळा. १५ जून २०२६ ला भारतात सूर्योदयी अमावास्या आणि ती सकाळी ८ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास संपते. त्याच क्षणी न्यू जर्सीत १४ जूनच्या रात्रीचे १० वाजून ५४ मिनिटे झालेली असतात, म्हणून तिथे १५ जूनला उजाडते ते प्रतिपदेवर. पुण्याहून नेलेली भिंतीवरची दिनदर्शिका तिकडे अशा रीतीने एका दिवसाने चुकू शकते. राहत्या गावाचे पंचांग काढून घ्यावे आणि त्यात अमान्त महिने निवडलेले आहेत ना, हे एकदा पाहून घ्यावे. जन्म-मृत्यूची तिथी मात्र घटना जिथे घडली तिथल्या वेळेवरून काढावी.

काढलेले उत्तर वहीत लिहिताना मूळ नोंद खोडू नये. तिच्याखाली शके, अधिक किंवा निज यांसह महिना, पक्ष, तिथी, वार आणि ठिकाण लिहावे. मग इंग्रजी तारीख, आणि १७५२ पूर्वीची असल्यास ती जुन्या गणनेतली की नव्या, हे शब्दांत. उदाहरणार्थ : ‘शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३ (अमान्त), शुक्रवार, १९ फेब्रुवारी १६३०, जुनी गणना, नव्या गणनेत १ मार्च १६३०.’ महिना अमान्त की पूर्णिमान्त हा एक शब्द कंसात लिहायला विसरू नका. आमच्या आजीने तो लिहिलेला नव्हता. पंढरपूरच्या घरात तो लिहावा लागेल, असे तिच्या मनातही आले नसणार.